वाचता आलं तरच सबमिट

उभ्या लातुरात रागाच्या बाबतीत आमच्या झेरॉक्सवाल्या अप्पांचा हात धरणारा माणूस झाला नाही आणि होणारही नाही. लोक जावयावर रागावतात, सरकारवर रागावतात, उन्हावर रागावतात. अप्पा केबीवर रागवायचे. शिकवणी वर्गांच्या गल्लीत त्यांचं ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. ‘फाईल शंभर केबीच्या आत असावी’ हे वाक्य पडद्यावर आलं की त्यांच्या मानेची शीर फुगायची. “शंभर केबीत ह्यांच्या सायबाची मिशी तरी मावती का?” असं ते एकदा भर गर्दीत ओरडले. रांगेतल्या पोरी हसल्या, तर अप्पांनी त्यांनाही झापलं.

गिऱ्हाईक म्हणजे अप्पांच्या लेखी गुन्हेगार. दाखल्याला लॅमिनेशन केलेलं दिसलं की ते कपाळावर हात मारत. एका पोरीनं मार्कमेमो पलंगावर ठेवून मोबाईलनं फोटो काढून आणला होता. “ही चादरीची फुलं कशाला आणलीस गं? फाईल फुगली ती ह्या गुलाबानं! गुलाबाला ॲडमिशन घ्यायचंय का?” शेजारच्या दुकानात बटण दाबलं की दोन मिनिटांत फाईल लहान होऊन मिळे, पण त्या प्रकाराला अप्पा ‘चेंगरणं’ म्हणत. “फाईल बारीक करावी, चेंगरू न्हाई. चेंगरून पायजे तर तिकडं जा!” बारीक करायला त्यांनी दुकानात कपड्यांची इस्त्री ठेवली होती. आधी कागदाच्या घड्या मोडायच्या, मग स्कॅन. “घडीची सावली पडती, अन् सावलीला बी केबी लागतात.” एवढं झाल्यावर शेवटची शिक्षा म्हणजे बारीक झालेली फाईल गिऱ्हाइकानं मोठ्यानं वाचून दाखवायची. वाचता आलं तरच सबमिट.

मी नांदेडचा शाळामास्तर, लातुरात शिकणाऱ्या मुलीच्या प्रवेशासाठी त्यांच्या तावडीत सापडलो. शेवटचा दिवस, पाचला पोर्टल बंद होणार, आणि साडेचार वाजलेले. निलंग्याकडचं आमचं घर भूकंपात पडलं होतं. त्याचा दाखला माझ्या वडिलांच्या नावे होता आणि भूकंपग्रस्तांसाठी राखीव असलेली मुलीची जागा त्या एका कागदावर अडली होती. वडिलांना सुरेख सही येत असे, पण दाखला हाती पडला तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये, म्हणून कोपऱ्यात पोच म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा होता. फाईल एकशे चारवर अडली.

“अप्पा, तो अंगठा कापून टाका. कुणी मागितलाय तो?”

अप्पा खुर्चीवरून उठलेच. “बापाचा अंगठा कापा म्हणायलाव? मास्तर लोकांची अंगठे मागायची लई जुनी खोड हाय!”

माझंही डोकं फिरलं. “पोरीचं वर्ष जाईल हो! चेंगरा ती फाईल, नाहीतर मी शेजारी जातो!”

 अप्पांनी इस्त्री तापायला लावली आणि माझ्याकडे न बघता बोलू लागले. “भूकंपानंतर आमच्या गावात यादी केली, मास्तर. खाली पाच कार्बन लावून. माझ्या आईचं नाव गौराबाई. शेवटची फिक्की प्रत वर गेली. सायब म्हणला, ह्या बाईचं नाव वाचता येत न्हाई. कागद परत. बाई भिंतीखालून जिती निघाली अन् कागदावर चेंगरली. पत्र्याच्या शेडात वाट बघत बसली. घर मिळालं तवा ती नव्हती.”

मग त्यांनी दाखल्याला इस्त्री केली, काच शर्टाच्या बाहीनं पुसली, कोऱ्या कडा कापल्या. नव्व्याण्णव केबी. “वाचा.” मी वडिलांचं नाव वाचलं, गाव वाचलं. “अन् अंगठा?” अंगठ्याची रेघ न् रेघ दिसत होती. पाचला दहा कमी असताना फॉर्म गेला आणि मुलीला जागा मिळाली. नांदेडच्या बसमध्ये मी रस्ताभर धुमसत होतो, पण अप्पांवर नव्हे. ज्यानं पाच कार्बन लावून हात झटकले त्याच्यावर आणि ज्यानं शंभरचा आकडा ठरवला त्याच्यावर. अजूनही तो राग गेलेला नाही.

गेल्या दिवाळीत अप्पांच्या घरी गेलो. दुकान बंद झालंय. “आता सगळे मोबाईलवरच चेंगरायलेत,” ते म्हणाले. डोळ्यांत मोतीबिंदू, समोरचं धुरकट दिसतं. दुकानातून घरी आणलेल्या कॉम्प्युटर-स्कॅनरवर फुलाफुलांची चादर होती. मी गुलाबांची आठवण काढली, तेव्हा त्यांनी मला जुन्या जोमानं झापलं आणि गादीखालून एक कागद काढला. परत आलेली ती कार्बनची प्रत.

“इस्त्री करा. स्कॅन करा.”

“कुठं चढवायचीय?”

“कुठंच न्हाई. कुणी मागितली न्हाई. पर बारीक करू नका. जेवढी मोठी होती तेवढी होऊ द्या.”

मी केली. पडद्यावर निळसर डाग आला. मोठा केला तसा तो आणखी पसरला. साहेबानं निदान एवढं तरी खरं सांगितलं होतं.

“वाचा,” अप्पा म्हणाले.

एका वेलांटीसाठी पोरांचे मार्क कापणारा मी मास्तर. वर्गात वाचावं तसं खणखणीत वाचलं, “गौराबाई.”

अप्पा पडद्याकडे वाकले. “येतंय नव्हं वाचता?”

“येतंय,” मी म्हणालो.