उत्तर द्यायला गेलेल्या ताई

निर्मलाताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी रिसोडच्या बाजार समितीत एका व्यापाऱ्याला सोयाबीनच्या आवकेबद्दल विचारत होतो. फोन ठेवला आणि पुढचा प्रश्नच आठवेना... प्रश्न विचारायला मला त्यांनीच शिकवलं होतं. आमच्या साप्ताहिकाच्या त्या वार्ताहर. एसटीने गावोगाव हिंडायच्या आणि सरपंच असो की तलाठी, थेट विचारायच्या, ‘काहून नाही झालं?’

त्यांच्या माहेरच्या गावातल्या आरोग्य उपकेंद्राला परिचारिका नव्हती. ताईंनी तीनदा बातमी दिली, काही हललं नाही. मग एक दिवस त्यांनी जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा अर्जच भरला.

‘ताई, पत्रकारिता कायले सोडता?’ मी विचारलं.

‘वीस वर्स प्रश्न इचारले. उत्तर देणं एवढं कठीण काहून असते, ते पाहाचं हाये मले.’

त्या निवडून आल्या. वर्ष उलटलं तरी उपकेंद्राला कुलूपच. आता ती बातमी माझ्याकडे आली. मी ती दिली. अंक निघाला त्या सकाळीच ताईंचा फोन.

‘बातमी बराबर हाये. पण मले काहून नाही इचारलं?’

‘तुमाले वाईट वाटलं असतं, ताई.’

‘मंग? आता लिहून घे... माह्याच्यानं झालं नाही.’

पुढच्या अंकात ते वाक्य जसंच्या तसं छापलं. जिल्हा परिषदेच्या सभेत विरोधकांनी अंक फडकावला. ताई उठल्या, ‘खरं हाये’ म्हणाल्या, आणि नेमणुकीची तारीख मिळेपर्यंत खाली बसल्या नाहीत. महिन्याभरात परिचारिका आली. पुढच्या निवडणुकीत मात्र पक्षाने ताईंना तिकीट नाकारलं. माझ्या बातमीमुळे का? हे मी त्यांना कधीच विचारू शकलो नाही. बाकी सगळ्या जगाला विचारत फिरलो...

तेरवीला त्यांच्या घरी एक बाई पंगतीत वाढत होती. तीच ती परिचारिका. इतकी वर्षं त्या आडगावात टिकलात कशा, असं मी सहज विचारलं.

‘राहाले जागा नव्हती म्हणून तर कोणी टिकत नव्हतं, भाऊ. ताईनं आपल्या माहेरच्या घरातली खोली देली.’

हे कधी छापून आलं नाही. ताई बोलल्या नाहीत, आणि मी विचारलं नाही.

परवा ती खोली पाहायला गेलो. खिडकीशी लाकडी टेबल, त्यावर वजनाचा काटा, भिंतीवर लसीकरणाचा तक्ता. तेवढ्यात दारात तान्ह्या बाळाला घेऊन एक पोरगी येऊन उभी राहिली.

‘सिस्टर हायेत का?’

आतून लगेच उत्तर आलं, ‘हाये न. ये.’