शॉकअपवरचा काळा दोरा

रॉकेलचा वास आला की धुळ्यातलं ते गॅरेज आठवतं. मागच्या सीटवर बसून आईची कंबर दुखायची, म्हणून पप्पा आमच्या जुन्या मोटरसायकलला दुसऱ्या मॉडेलचे वापरलेले शॉकअप बसवून घेत होते. मिस्त्री ते रॉकेलने पुसत असताना एका स्प्रिंगला, नजर लागू नये म्हणून बांधतात तसा काळा दोरा दिसला. गाडी विकताना लोक तो आठवणीने सोडून घेतात. "हे ज्या गाडीचे, तिचा अपघात झाला होता का?" मी हळूच विचारलं. "नही वो ताई, मालकनी नवी गाडी लिधी. तू काय पोलीसमा शे का?" मालकाने नवी गाडी घेतली, एवढंच सांगून मिस्त्री हसला, पण माझ्याकडे न बघताच त्याने दोरा कापून खिशात घातला. आई आता म्हणते, "सोफ्यावर बसल्यासारखं वाटतं." मी मात्र दर अमावस्येला त्या स्प्रिंगला नवा काळा दोरा बांधते.