लोडाच्या आतलं अंथरूण

आमची आत्या एकतीस वर्षं बाहेरच्या खोलीत झोपली. आम्हाला हे माहीत नव्हतं असं नाही, ध्यानात नव्हतं. मला राग येतो तो याचाच.

आईबाबा गेल्यावर ती आम्हा भावंडांना सांभाळायला आली आणि आतल्या दोन खोल्या आम्हाला देऊन मोकळी झाली. कामाला इस्पितळाच्या भांडारात. पट्ट्या, सुया, चादरी, सगळं तिच्या ताब्यात. तिचा नियम एकच: रोज लागतं ते कमरेच्या उंचीवर, महिन्याने लागतं ते खाली, वर्षाने लागतं ते वर. मोठमोठे डॉक्टर तिला विचारल्याशिवाय फळीला हात लावत नाहीत. घरात मात्र पिकतं तिथे विकत नाही.

आम्ही उठायच्या आत तिचं अंथरूण घट्ट गुंडाळलेलं असायचं. त्यावर फुलाफुलांची खोळ चढली की भिंतीशी लोड तयार. त्याला टेकून दादाने परीक्षा दिल्या, मी फोनवर तासन्‌तास गप्पा मारल्या, आल्यागेल्याने चहा घेतला. तिचे कपडे सोफ्याखालच्या बॅगेत, गोळ्या नि चष्मा टीव्हीमागच्या खोक्यात. इतकं नेटकं, की तिथे कुणी राहतं हे कळूच नये.

यंदा दादाला ती खोली आवरायचं खूळ लागलं. पसारा कुणाचा? त्याचाच. शाळेपासूनच्या ढाली, मुके झालेले स्पीकर, आणि चालायचं यंत्र, ज्याच्यावर फक्त टॉवेल वाळतात. सुतार आला, त्याने टेप लावला आणि विचारलं, इथे झोपायला कोण असतं? दादा म्हणाला, कुणी नाही, हॉल आहे हा. मी शेजारीच उभी होते. मीही मान डोलावली. हे सांगताना अजून कान तापतात.

सुताराने कागदावर काढलेलं चित्र झकास निघालं. भिंतभर कपाट, चपलांना कप्पा, ढालींना काचेची शोकेस, तिच्यात दिवे. सोफ्याखालची बॅग माळ्यावर. आणि भिंत मोकळी हवी म्हणून शनिवारी दादाने तो जुनाट लोड जिन्याखाली भंगारवाल्यासाठी नेऊन ठेवला.

आत्या कामावरून परतली ती लोड काखेत घेऊनच. सुतार माप पक्कं करायला आलेला होता. तिने खोळीची नाडी सोडली. गादी निघाली, चादर निघाली, उशी निघाली. दादा चाचरत म्हणाला की त्याला वाटलं, लोड जुना झालाय, नवा आणू. नवा आणू म्हणे! ज्याला टेकून लहानाचा मोठा झाला, त्याच्या आत काय आहे याचा ज्याला पत्ता नाही, तो नवा आणणार होता.

आत्याने चित्र हातात घेतलं, नीट वाचलं. माळ्यावरच्या बॅगेवर बोट ठेवलं.

"वर्षाने लागतं ते वर ठेवतात. मला कपडे रोज लागतात."

मग सुताराच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली आणि खिडकीलगत सहा बाय तीनचा चौकोन काढला. सुतार म्हणाला, मग शोकेस बसायची नाही.

"शोकेसला रात्री पाठ टेकायची नसते," आत्या म्हणाली.

दादा तोंड उघडणार, तोच मी पेन्सिल घेऊन शोकेसवर काट मारली. इतक्या जोरात, की कागद फाटला. दादावरचा राग होताच, पण निम्मा माझ्यावरचा होता.

आता खिडकीशी आत्याची कॉट आहे. खाली खण, शेजारी कमरेच्या उंचीवर चष्म्याची फळी. ढाली माळ्यावर गेल्या, नियमाप्रमाणे. आत्या सकाळी अंथरूण गुंडाळत नाही. इस्पितळात चादरीची घडी अर्धं बोट वाकडी चालत नाही तिला, पण इथली चादर दिवसभर तशीच विस्कटलेली असते. मुद्दाम, असं मला वाटतं.

परवा शेजारच्या काकू आल्या. त्यांनी कॉटकडे पाहिलं, नाक मुरडलं आणि म्हणाल्या, अगंबाई, हॉलमध्ये अंथरूण?

आत्याने चादर जराशी सरकवून त्यांना जागा केली.

"हॉल नाही, माझी खोली आहे ही. बसा."