एकोणीस नंबरचा बिल्ला

माझ्या दोघा नातवंडांनो,

परवा तुम्ही दोन लिंक पाठवल्यात आणि खाली लिहिलंत, "आजी, रिसॉर्ट की घर? तू जाऊन आली आहेस, तूच ठरव." तुम्ही सहज लिहिलं असेल. मी मात्र दोन दिवस फोन टेबलावर पालथा ठेवला होता. कॅरिबियनच्या समुद्रात डायव्हिंगला आपल्या घरातून आजवर एकच माणूस उतरला, तुमचे आजोबा, आणि काठावर बसून वाट पाहणारी एकच, मी. तुमच्या आईला आम्ही इतकंच सांगितलं होतं की एके दिवशी बोटीला उशीर झाला. ते खरं नाही. आता तुम्ही पाण्यात उतरणार, म्हणून खरं लिहिते आहे. आई तुम्हाला हे वाचून दाखवेल तेव्हा तिलाही कळेल. कळू दे.

आधी एक जुनी गोष्ट सांगायला हवी. आजोबांचे वडील मालवणकडचे, इथे मुंबईच्या गोदीत पाणबुडे होते. जहाजाचा तळ तपासायला ते पितळी टोप घालून खाली जात. एके दिवशी गेले ते वर आले नाहीत. तेव्हा आजोबा नऊ वर्षांचे होते. गिरगावच्या दोन खोल्यांत सासूबाईंनी नेहमीप्रमाणे सासऱ्यांचं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून ठेवलं होतं. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात त्यांनी ती दोन काशाची ताटं मला दाखवली आणि म्हणाल्या, "पाण्यात गेलेल्या माणसाचा ताट आधी वाढून झाकूचा. तो इल्याबिगर आपण घास तोंडात घालूचो नाय."

मी इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करणारी. मनात म्हटलं, ज्यांनी ताट झाकलं त्यांचाच माणूस परत आला नाही, मग या रीतीला अर्थ काय? तोंडाने "बरं" म्हटलं.

आजोबांनी निवृत्तीपर्यंत गुडघ्याच्या वर पाणी येऊ दिलं नाही. चौपाटीवरसुद्धा चप्पल हातात घेऊन कोरड्या वाळूत उभे राहायचे. निवृत्त झाले आणि तारकर्लीला जाऊन डायव्हिंग शिकून आले. मी विचारलं, "हे काय नवीन?" तर म्हणाले, "बाबांना काय दिसत होतं ते बघायचंय." तुमच्या आईने ते ऐकलं आणि कॅरिबियनची सहल आम्हाला भेट दिली. राहायचं कुठे, ते आम्ही ठरवायचं होतं.

मी कागदाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे रिसॉर्ट: खोली, तीन वेळचं जेवण, बोट, सामान, शिकवणारे, डॉक्टर, सगळं त्यातच. उजवीकडे कोळ्यांच्या वस्तीतलं घर: दोन खोल्या, स्वयंपाकघर, घरमालकिणीच्या भावाची लहान बोट, सहा माणसं मावतील एवढी. त्या बाईंनी आपण होऊन मेलमध्ये विचारलं होतं, तुम्ही मासे खाता का, जेवायला थांबू का.

आजोबांना घर हवं होतं. "अगं, रिसॉर्टात 'जेवलात का' विचारणारं कोणी नसतं," ते म्हणाले.

"म्हणूनच मला रिसॉर्ट हवंय," मी म्हटलं. "पस्तीस वर्षं मी हेच विचारत आले. आणि त्या घरात चुलीपुढे उभं कोण राहणार? तुम्ही?"

ते हसले आणि मी जिंकले.

रिसॉर्ट उत्तम होतं, हे मी मुद्दाम लिहिते. मनगटावर निळा पट्टा बांधला की काहीही मागा. धक्क्यावर लाकडी फळा होता, त्यावर आकडे घातलेले हूक, प्रत्येक हुकाला त्याच आकड्याचा पितळी बिल्ला. पाण्यात जाणाऱ्याने आपला बिल्ला सोबत न्यायचा, परत आल्यावर हुकाला लावायचा. फळा भरला म्हणजे सगळे आले. आजोबांचा नंबर एकोणीस. पहिल्याच दिवशी बिल्ला तळहातावर घेऊन म्हणाले, "बाबांचाही गोदीत असाच होता. गेटवर देऊन आत जायचे." मला ती पद्धत फार आवडली. ग्रंथालयातल्या कार्डांसारखी.

चौथ्या दिवशी सकाळी ते गेले. सकाळच्या रांगेत उभं राहायला नको म्हणून त्यांनी बिल्ला आदल्या संध्याकाळीच आणून ठेवला होता. दहाच्या सुमारास मी खोली आवरायला घेतली, तर तो उशाजवळच्या टेबलावर, चष्म्याच्या डबीमागे. विसरून गेले होते. वस्तू जागेवर नसली की मला चैन पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी धक्क्यावर गेले. फळ्याजवळ कोणी नव्हतं. मी बिल्ला पुसला आणि एकोणीस नंबरच्या हुकाला लावला. परत येताना मला बरंसुद्धा वाटलं.

त्या दिवशी दोन बोटी एकाच जागी गेल्या होत्या, आणि वर येणारा जो तो जवळ दिसेल त्या बोटीत चढला. आजोबांच्या पाण्यातल्या जोडीदाराचे कान दुखले, तो आधीच वर येऊन दुसऱ्या बोटीत बसला. आजोबा वर आले ते प्रवाहाने लांब ओढले गेल्यावर. या बोटीला वाटलं ते त्या बोटीत आहेत, त्या बोटीला वाटलं या बोटीत. शंका फेडायला धक्क्यावर फळा होताच. फळा भरलेला होता.

बोटी आल्याचा भोंगा मी ऐकला. धक्क्यावर डोकावले. तिथला माणूस हसून म्हणाला, "सगळे आले, मॅडम. बोर्ड बघा." मी बघितला आणि मला तो पटला. पूर्ण मीच केला होता, तरी पटला. आदल्या दिवशी त्यांच्या कॅमेऱ्यात पाणी गेलं होतं; वाटलं, तो दुरुस्त करायला गेले असतील. जेवणाची वेळ तीनपर्यंतच होती. मी ताट घेतलं. भात, मासा, वर अननसाच्या दोन फोडी. सासूबाईंचं वाक्य मला आठवलंच नाही असं नाही. आठवलं, आणि मी चमचा उचलला.

पावणेतीनला वाढपी टेबलं आवरू लागले. तेव्हा माझ्या हाताला त्या बिल्ल्याचा गारवा परत लागला, आणि मला समजलं.

मी धावत गेले. "माझे मिस्टर आलेले नाहीत." त्याने फळ्याकडे बोट दाखवलं, "आलेत. खोलीत असतील." खोली पाहिली, पोहण्याचा तलाव पाहिला, दुकान पाहिलं. माझ्यासोबत दोन माणसं फिरत होती, आणि "तो बिल्ला मी लावला" हे चार शब्द माझ्या तोंडून निघत नव्हते. आयुष्यभर मी लोकांना पुस्तकं जागेवर ठेवायला शिकवलं. अर्धा तास गेला. मग मी ते बोलले, आणि बोटी सुटल्या.

आजोबा त्यांना सापडलेच नाहीत. त्याआधी त्यांना पलीकडच्या वस्तीतल्या एका कोळ्याने पाहिलं होतं. जवळजवळ सहा तास ते फुगवलेल्या जाकिटावर तरंगत होते. निरोप आल्यावर मला जीपने त्याच्या घरी नेलं. आम्ही नाकारलेलं घर ते नव्हे, पण तसंच. स्वयंपाकघरात आजोबा घोंगडी पांघरून माशाचा रस्सा पीत होते, ओठ फाटलेले. आणि टेबलावर, त्या घरच्या माणसासाठी, एक ताट वाढलेलं होतं आणि त्यावर दुसरं पालथं घातलेलं. त्याला उशीर झाला होता, म्हणून त्याच्या बायकोने झाकून ठेवलं होतं.

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू ताट झाकून बसली असशील, एवढंच डोक्यात होतं. तरंगायचा कंटाळा आला होता गं, हातपाय सोडून द्यावेसे वाटत होते, पण म्हटलं, ही उपाशी बसली असेल, आणि हिला अ‍ॅसिडिटी होते."

मी म्हटलं, "हो. झाकलं होतं."

ते आणखी सहा वर्षं जगले. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर सकाळी ही गोष्ट त्यांनी सगळ्यांना सांगितली. "हिच्या ताटाने वाचलो." बायका माझ्याकडे कौतुकाने बघत आणि मी बुटाची नाडी बांधायला वाकत असे. घरी त्यांनी त्या सहा वर्षांत एकदाच विचारलं, तेही जेवताना, पानाकडे बघत. "तो बिल्ला कुठे गेला गं? मी नेलाच नव्हता बहुतेक."

"काय माहीत," मी म्हटलं. त्यांनी परत विचारलं नाही. त्यांना कळलं होतं की नाही, हे मला आता कधीच कळणार नाही.

मी भुतं मानत नाही. पण आपल्या दाराशी किल्ल्यांचे सात हूक आहेत, चिठ्ठ्या लावलेले. त्यातला आजोबांचा रिकामा आहे. दुपारी एकच्या सुमारास समुद्राकडचा वारा आला की किल्ल्या वाजतात. त्यात एक आवाज त्या रिकाम्या हुकावरून येतो, बारीक, पितळेवर पितळ घासल्यासारखा. मी घास खाली ठेवते. दारात कोणी ओल्या अंगाने उभं असल्यासारखं वाटतं, जे आत येत नाही आणि काही विचारतही नाही. उठून पाहते तर लादी कोरडी असते. मग मी जेवते, पण गरम जेवण मला बरेच महिने मिळालेलं नाही.

आता तुमचं उत्तर. रिसॉर्टला नावं ठेवू नका. तिथलं सामान चांगलं, डॉक्टर जवळ. चूक माझ्या हाताची होती. तरीही मी घर म्हणते. पण आधी फोन करून विचारा: बोटीवर ऑक्सिजन असतो का, आणि निघताना माणसं कशी मोजता? बिल्ले मोजतो म्हणाले तर रिसॉर्टात जा आणि एकमेकांचा हात सोडू नका. चेहरे बघून, नावाने हाका मारून मोजतो म्हणाले तर ते घर घ्या. घरमालकीण जेवायला थांबू का विचारेल. हो म्हणा.

तुमच्या तिथे दुपार होते तेव्हा आमचे रात्रीचे साडेनऊ वाजतात. पाण्यातून वर आलात की दोघांनी स्वतः फोन करायचा, एकाने दुसऱ्याचा निरोप द्यायचा नाही. दोन्ही आवाज ऐकेपर्यंत मी जेवणार नाही. अ‍ॅसिडिटीचं मी बघून घेईन.

सासूबाईंची काशाची दोन्ही ताटं अजून आहेत. एकाची कड थोडी चेपली आहे. काल चिंच लावून घासून ठेवली.