गिरदावरकाकांच्या गाडीची मागची बाजू

गिरदावरकाका कुठलीही गाडी बघायची झाली की आधी तिच्या मागे जात. वरात दारात आलेली, नवरदेवाची मोटार झेंडूनं मढवलेली, सगळी गल्ली नवरदेवाचं तोंड बघायला धावलेली, आणि काका मागच्या बंपरला टिचकी मारून आवाज ऐकताहेत. बसस्टँडवर तामसीची बस लागली की लोक जागा धरायला खिडकीतून टॉवेल टाकत. काका मागची शिडी हलवून बघत आणि नापसंतीनं मान हलवत. एकदा गल्लीतल्या डॉक्टरांनी कोरी करकरीत गाडी आणली आणि मोठ्या हौसेनं काकांना बोलावलं. काकांनी मागून एक नजर टाकली, पेढा तोंडात टाकला आणि घरी निघून आले. पुढून पाहिलीच नाही. डॉक्टरांना ते फार लागलं.

मी नुकतीच लग्न होऊन यवतमाळकडून आदिलाबादला आले होते आणि मराठी शाळेत शिकवत होते. काकांचं घर आमच्या घराला लागून. भिंतीपलीकडून मी त्यांना विचारलं, "काका, डॉक्टरांचं मन का मोडलंत? पुढून बघायला काय झालं होतं?"

"तोंड काय, सगळ्यायचंच चांगलं राह्यते, मास्तरीणबाई," काका म्हणाले. "मानूस चढते कुठून? मांगून. मंग मांगचं नको पाहाले?"

या वेडाचं मूळ त्यांच्या नोकरीत होतं. गिरदावर म्हणजे महसूल खात्यातला, शिवारं फिरून जमीन तपासणारा माणूस. निजामाच्या काळापासूनचा हुद्दा. पुढे तालुके मोडून मंडलं झाली, हुद्द्यांची नावं बदलली, तरी आम्ही सगळे त्यांना गिरदावरच म्हणत राहिलो आणि ते आपल्या तामसी गावाला तालुक्यातलंच गाव म्हणत राहिले. तर हे गिरदावर जन्मभर साहेबांच्या जीपमध्ये मागे बसले. साहेब पुढून ऐटीत उतरायचे. काकांनी मात्र जीप थांबायच्या आत मागून उडी मारायची, नकाशा उलगडायचा, आणि साहेब परत बसले की धावत्या जीपच्या मागच्या कडीला लोंबकळून आत शिरायचं. तळमडुगूच्या रस्त्यावर एकदा ते असे चिखलात आपटले होते, आणि साहेबांना ते पुढच्या गावात गेल्यावर कळलं होतं. ही गोष्ट काका स्वतःच हसत हसत सांगत. सांगून झाली की म्हणत, "तवाच ठरोलं, आपली गाडी घीन तं कोनाले मांगून उडी मारू देनार नाई."

निवृत्त झाल्यावर त्यांनी ती घेतली. सरकारी हर्राजात, म्हणजे लिलावात निघालेली जुनी पिकप. फुगीर बॉनेट, बेडकासारखे दोन दिवे, मागे उघडा हौदा आणि साखळ्यांवर लटकणारा फाळका. मागचा बंपर कुणी काढून नेला होता की गळून पडला होता, देव जाणे. गाडी दारात आली त्या दिवशी काकू ओवाळायला बाहेर आल्या, गाडीकडे पाहिलं आणि मला म्हणाल्या, "लोकं पेन्शनीत गेल्यावर तीर्थाले जातेत. यायनं डबडं आनलं." ओवाळलं मात्र मनापासून. कुंकू बॉनेटला लावायला गेल्या, तर काका म्हणाले, "मांगं लाव वो, मांगं."

मग सुरू झाली मागच्या बाजूची सजावट. पुढचा रंग उडालेला तसाच राहिला, एक दिवा कायम मिचमिचा, पण मागे बघावं तर रोज काही नवं. चाकांमागे जुन्या टायरचे पट्टे कापून लावले, चिखल उडू नये म्हणून. सायकलच्या दुकानातून लाल काचा आणून कडेनं बसवल्या. फाळक्याच्या साखळ्यांना बैलांच्या घागरमाळेतली घुंगरं बांधली, त्यामुळे गाडी दिसायच्या आधी ऐकू यायची. फाळक्यावर काय लिहायचं यावर पेंटर दोन शेर घेऊन आला होता. काकांनी ते ऐकून घेतले, त्याला चहा पाजला आणि एकच शब्द लिहायला लावला: सावकाश. खाली तेलुगूत तेच.

थंडीत ज्वारी हुरड्यावर आली की आख्खी गल्ली त्या हौद्यात बसून त्यांच्या तामसीच्या शेतावर जायची. काका मागे उभे राहून एकेकाला हात देऊन चढवत. चालवायला पुतण्या असायचा, पण सगळे नीट बसल्याशिवाय काका त्याला किल्ली देत नसत. कुणी घाई केली, कुणी साडी आवरत उडी मारायला गेलं की त्यांचा आवाज यायचा: "घाई नाई. गाडी आपलीच हाय." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की शाळेची घंटा झाल्यावर पोरं दारात रेटारेटी करायला लागली की माझ्याही तोंडून तेच निघायचं. पोरं म्हणायची, बाई, कुठली गाडी?

सगळं असं छान चाललं असताना काकूंचे गुडघे गेले. वाकायचं नाव नको. बसच्या पायऱ्या उंच, त्या जमेनात. पिकपच्या केबिनमध्ये पाय दुमडून बसावं लागे, त्यात डिझेलचा वास. हौद्यात गादी टाकून पाय लांब करून बसल्या तर उत्तम, पण हौदा छातीएवढा उंच. चढायचं कसं? एका लग्नाला जाताना चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून वर ठेवलं. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. काकू लग्नात कुणाशी बोलल्या नाहीत. घरी आल्यावर म्हणाल्या, "मी का कापसाचं गठोडं हाव? आता मी कुठंच येत नाई." आणि खरोखरच कुठे जाईनाशा झाल्या.

आता अडचण अशी की त्यांचे थोरले भाऊ भीमपूरकडच्या एका खेड्यात, पैनगंगेच्या अलीकडे राहत. फार थकलेले, अंथरुणाला खिळलेले. त्यांना इकडे आणणं शक्य नव्हतं आणि काकूंना तिकडे जाणं. दोन भाऊबिजा ओवाळणीवाचून गेल्या. दुसऱ्या खेपेला काकूंनी चंद्राला ओवाळलं. ज्याला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते, आणि यांचा तर जिवंत होता. मी भिंतीपलीकडून पाहिलं. काका ओसरीवर बसले होते. दिवा आत नेल्यावर ते मला म्हणाले, "यंदा गेलं ते गेलं, बाई. पुढच्या साली ही तिच्या पायानं चढन, अन् दादाले ओवाळन."

पुढचं वर्षभर काकांच्या डोक्यात फक्त बंपर. असा बंपर, की ज्यावर पाय ठेवून माणूस आरामात वर जाईल. ऐन पावसाळ्यात ते तामसीला गेले आणि शेतातल्या गोठ्यातून घरच्या शेवटच्या बंडीचं, म्हणजे बैलगाडीचं, जू घेऊन आले. सागवानी, बैलांच्या मानांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं. लांबी गाडीच्या रुंदीला बरोब्बर. काका हरखून गेले. जवसाचं तेल पाजून पाजून त्यांनी ते चमकवलं, शिवळा, म्हणजे टोकांच्या खुंट्या, काढल्या, वेल्डिंगवाल्या मेस्त्रीकडून लोखंडी कान करून घेतले आणि गाडीच्या मागे, हौद्याच्या खाली आडवं ठोकून बसवलं. मला बोलावून दाखवलं. "लोखंड उन्हात तापते, पान्यात घसरते. लाकडाचं तसं नाई. अन् हे पाहा, दोन बैलायच्या मानेची जागा. हितं एक पाय, थितं एक पाय. जसं काई तिच्यासाठीच केलं!"

मीही बावळट. शहरात वाढलेली. वा काका, म्हटलं.

पाडव्याच्या सकाळी, भाऊबिजेच्या आदल्या दिवशी, काकूंना चढून बघायला बाहेर आणलं. गल्ली जमली. काका मागे उभे, चेहरा नवरदेवासारखा. काकू हळूहळू आल्या, जुवाकडे पाहिलं, आणि थबकल्या.

"हे आपल्या मोऱ्या-चांद्याचं जू हाय काय?"

"हो वो! वळखलं तुनं!"

"अन् याच्यावर पाय देऊ मी?"

काकांचं हसू तिथेच राहिलं. काकूंना वाकता येत नव्हतं, म्हणून त्यांनी हात लांब करून बोटांनी जुवाला शिवलं आणि तो हात कपाळाला लावला. मागे उभ्या असलेल्या बायकांनीही आपोआप हात जोडले. "पोळ्याले ज्याची पूजा केली, त्याच्यावर पाय? मले नाई जमनार. दादाले म्हना, तुही बहीन इथूनच नमस्कार सांगते." आणि त्या वळल्या. जन्मभर शेतकऱ्यांची शिवारं तपासलेला माणूस, शेतकऱ्याच्याच पोटी जन्मलेला, आणि जुवाला पाय लागतो हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं! गल्लीतलं कुणी हसलं नाही. काका गाडीच्या मागे तिथेच मातीत बसले, स्वच्छ धोतरासकट. मला इतकं वाईट वाटलं की मी घरी जाऊन लाडवांचा डबा घेऊन आले. दुसरं काय आणणार?

लाडू त्यांनी हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. "बाई, माह्या मनात तसं नव्हतं," म्हणाले. "जिवाभावाची वस्तू लावावं म्हनलं."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला. त्या दाराआड उभ्याच होत्या. "अवो, मातीत काऊन बसले? उठा. पाय नाई देत म्हनलं मी. हात द्याले कोनं मना केलं?"

 काका एकदम उठले. "अरे, वर! जू वर पायजे! धराले!" लाडू आख्खा तोंडात. मेस्त्रीची दिवाळी अमावास्येलाच आटोपली होती, त्यामुळे त्याचं दुकान उघडं होतं. जू खालून निघालं आणि हौद्याच्या एका कडेला, कठड्यासारखं, दोन लोखंडी खांबांवर, हाताच्या उंचीला, बसलं. आता खाली पायरीला काय? काका घरात शिरले आणि भिंतीला टेकवून ठेवलेले दोन पाट घेऊन आले. जाड सागवानी, कोपऱ्यात पितळी फुलं. त्यांच्या लग्नातले. मला पुन्हा धसका, आता काकू याच्यावरही पाय देणार नाहीत.

"काय वो, याच्यावर तरी चालते काय?" काकांनी या वेळी आधी विचारून घेतलं. शहाणा माणूस.

काकूंनी पाट पाहिले आणि पदर तोंडाला लावला. लाजल्या होत्या, खरं सांगते. "याच्यावर तं उभीच होती मी," म्हणाल्या. "तुमी हार घालाले उशीर केला होता."

मेस्त्रीनं ते दोन्ही पाट हौद्याखाली पायऱ्यांसारखे, एक खाली आणि एक वर, बसवून दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी जुवाला दोन्ही हातांनी धरलं, पहिल्या पाटावर एक पाय, मग त्याच पाटावर दुसरा, दम घेतला, मग वरचा पाट. काका खाली उभे, हात पुढे केलेले, पण न लावता. "घाई नाई," पुटपुटत होते, "गाडी आपलीच हाय." काकू हौद्यात पोचल्या, गादीवर पाय पसरून बसल्या आणि गल्लीकडे अशा पाहू लागल्या की जणू राणीसाहेब. आम्ही टाळ्या वाजवल्या. संध्याकाळी घुंगरं वाजत गाडी परत आली. भावानं उशाला ठेवलेली साडी काकूंच्या मांडीवर होती, ती त्यांनी मला चार वेळा उलगडून दाखवली.

पुढे भाऊ गेले, पण त्याआधी काही भाऊबिजा झाल्या. गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्या त्या पाटांवरून चढू लागल्या, आणि जुवाचं लाकूड आता माणसांच्या हातांनी गुळगुळीत व्हायला लागलं. डॉक्टरही एकदा हुरड्याला आले, मागून चढले आणि म्हणाले, गिरदावर, मान गए. काकांनी त्यांना गाडी पुढून दाखवली नाही.

काका गेले तेही हुरड्याच्याच दिवसांत, सकाळी, आदिलाबादच्या दवाखान्यात. तामसीला शेतावर न्यायचं ठरलं. कुणी म्हणालं, दवाखान्याची गाडी सांगू. काकूंनी नको म्हणून मान हलवली आणि पिकप उभी होती त्या घराच्या दिशेनं बोट केलं. पिकप आणली. अशा वेळी माणसांना का कोण जाणे, फार घाई सुटते. चला, उचला, ऊन होईल, तिकडे लोक थांबलेत. चौघं-पाचजण काकांना घेऊन मागे आले, एकाचा पाय पाटावरून सटकला, दुसरा ओरडला, गलका झाला. सकाळपासून एक शब्द न बोललेल्या काकू तेव्हा बोलल्या.

"हळू घ्या रे बाबू. घाई नाई. गाडी आपलीच हाय."

सगळे थांबले.  मग त्यांनी काकांना सावकाश, एकेक पाट चढत, वर नेलं आणि गादीवर ठेवलं. काकूंना धरायला पुतण्या पुढे झाला, तर मी त्याला मागे ओढलं. काकूंनी जुवाला दोन्ही हातांनी धरलं, पहिल्या पाटावर एक पाय ठेवला, मग दुसरा, दम घेतला, आणि वर जाऊन काकांशेजारी पाय पसरून बसल्या.