भंगारवाल्याचा काटा

आमच्या सुपेला वस्तीतला हा भंगारवाला आपण विकायला नेलेलं लोखंड काट्यावर हमखास कमी दाखवायचा. मला एचआयव्ही निघाला. नीट खा, वजन घटू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं. शेजारी तर चहालाही विचारेनासे झाले. हा मात्र दर रविवारी मला त्याच काट्यावर चढवायचा.

"लोखंड असता तं भाव तरी आला असता तुले. हवा खाऊन राहिला का बे?" म्हणत तीन उकडलेली अंडी पुढे करायचा.

एकदा जुलाबांनी मी पार खंगलो होतो.

"दोन किलो वाढला," तो म्हणाला.

मी खाली पाहिलं. त्याचा एक पाय माझ्यामागे काट्यावर टेकलेला होता.

पुढच्या रविवारी त्याला तो पाय ठेवावा लागू नये म्हणून मी चौथं अंडं मागून घेतलं.