खाडीवर इंजिन थांबलं तेव्हा

माझा थोरला भाऊ पन्नाशीला आल्यावर विमान उडवायला शिकला. नोकरी पुण्याला, मुलं परदेशात. रविवार रिकामे जायला लागले तेव्हा त्याने हे मनावर घेतलं. परवाना हातात आल्यावर मला म्हणाला, चल, आपली वाडी तुला वरून दाखवतो. मी वाडीतच राहते, गावातल्या शाळेत शिकवते. विमानात कधी बसले नव्हते.

मी आदल्या दिवशी पुण्याला गेले. थंडीतली सकाळ होती. दोघांपुरतं ते चिमुकलं विमान घाट ओलांडून आलं आणि समोर समुद्र पसरला. रेवदंड्याची खाडी, वाळत घातलेल्या मासळीचे रुपेरी चौकोन, पुलावरून मुंगीसारखी चाललेली रिक्षा, सगळं ओळखीचं आणि तरी झोपेत पाहिल्यासारखं. आमची वाडी मात्र सापडेना. सगळीकडे सारख्याच नारळी-पोफळी. तो वाकून शोधत राहिला, फेऱ्यांवर फेऱ्या घेत राहिला.

मग इंजिन दोनदा अडखळलं आणि गप्प झालं. पुढचा पंखा वाऱ्याने नुसताच फिरत राहिला.

"दादा, काय झालं?"

"पेट्रोल संपलं," तो म्हणाला. "पट्टा घट्ट कर."

काटा तर अजून पाव टाकी दाखवत होता. निघण्याआधी टाकी उघडून डोळ्यांनी बघायची असते, ते राहून गेलं होतं, हे त्याने नंतर सांगितलं.

मला वाटलं, आता दगडासारखे कोसळणार. पण आम्ही तरंगत खाली येत होतो. वाऱ्याची बारीक शीळ आणि खालून कुणाच्या तरी कोंबड्याचं आरवणं, खरं की भास, देव जाणे. भीती कुठेतरी मागे राहिली होती.

ओहोटी होती. त्याने पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट वाळूवर विमान टेकवलं. ते बरंच धावलं, आणि एका मऊ खळग्यात पुढचं चाक मोडून नाकावर आपटलं. त्याच्या खांद्याचं हाड मोडलं. मला खरचटलं तेवढंच. मासळी सुकवणाऱ्या कोळणी धावत आल्या. त्यांतल्या एका म्हातारीने मला धरून बाहेर काढलं, "लागला न्हाय ना गो बाय?" म्हणाली आणि पदराने माझं तोंड पुसलं. तेव्हा कुठे मी रडले.

भरती यायच्या आत कोळ्यांनी होडीचे दोर बांधून विमान वर ओढलं. पुढे चौकशीला माणसं आली. "चूक माझीच," असं भावाने सरळ सांगितलं. परवाना काही काळासाठी गेला.

हात गळ्यात अडकवून तो वाडीत राहिला. गेल्या कित्येक वर्षांत दोन रात्रींच्या वर तो इथे राहिला नव्हता. दुपारी पोफळींच्या सावलीत खाटेवर पडून असायचा. एकदा मी चहा घेऊन गेले तर डोळे मिटूनच म्हणाला, "इंजिन बंद पडल्यावर घर दिसलं मला. कौलं, न्हाणीघर, दोरीवरची तुझी निळी साडी. आवाज चालू होता तोवर काहीच दिसलं नव्हतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बाहेर बघत होतीस. छान दिसत होतीस."

हाड जुळल्यावर तो कामावर गेला. परवान्यासाठी पुन्हा अर्ज केला नाही. आता बहुतेक रविवारी गाडीने येतो, जेवतो आणि संध्याकाळपर्यंत झोपतो. मी त्याला उठवत नाही.